आतल्या रांगेतली सफरचंदं

रविवार, १ फेब्रुवारी

पाळकांचा घसा बसला तो बसलाच. डॉक्टरांनी महिनाभर मौन सांगितलंय. इतकी वर्षं त्यांचे उपदेश ऐकून आमचे कान बसले, आता देवाने न्याय केला, असं मनात आलं आणि लगेच क्षमाही मागितली. तर उपदेशाचं काम आलं माझ्या गळ्यात. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते, चारचौघांत बोलायला घाबरत नाही, म्हणजे झाले मी पंडित!

विषय सुचेना. शुक्रवारी शीतगृहात नेहमीप्रमाणे नमुन्याची सफरचंदं तपासत होते. माझं कामच ते. यंत्राखाली दाबून टणकपणा बघायचा, रसाचा थेंब काढून गोडी मोजायची, वहीत लिहायचं. सहाव्या खोलीतलं सफरचंद हातात होतं. पाच महिन्यांपूर्वी झाडावरून उतरवलेलं, आणि कसं तर आत्ता तोडल्यासारखं. का, तर त्या खोल्यांतली हवा आम्ही काढून घेतो. बाहेर एकवीस टक्के प्राणवायू, आत फक्त दीड. फळाचा श्वास मंद होतो आणि ते झोपतं. मरत नाही, झोपतं. दार उघडलं, हवा लागली, की जागं होतं आणि पिकायला लागतं.

तेच आज सांगितलं. सफरचंद म्हटलं की सगळ्यांना सापच आठवतो, पण शास्त्रात त्या फळाचं नावसुद्धा दिलेलं नाही, बिचाऱ्याला उगाच बदनाम केलंय, इथून सुरुवात केली. लोक हसले. मग म्हटलं, आपली माणसंही अशीच बंद दाराआड झोपलेली आहेत आणि दार उघडणारा एक आहे. बत्तीस माणसं होती. कुणी खोकलंसुद्धा नाही. यांच्या हाताखाली एक माणूस आहे, त्याला सगळे रेडिओ म्हणतात, त्याची बायको, पॅकिंगला असते ती, तर डोळे पुसत होती.

आणि शेवटच्या बाकावर, दाराला टेकून, आमचे हे! लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मला दारापर्यंत सोडायचे आणि बाहेर कट्ट्यावर बसायचे. आज आत येऊन बसले. दगडाला पाझर फुटला म्हणतात तो असा.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

जेवताना यांना हळूच विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, “तू बोलतेस ते सफरचंदापर्यंत कळतं. पुढचं कळत नाही.”

“पुढचंही कळेल हळूहळू.”

“बघू.”

यांचं ‘बघू’ म्हणजे दुसऱ्याचं अर्धं वचन. खोल्यांचं यंत्र सांभाळणारा माणूस हा, दिवसभर आकडे बघायचे आणि चाव्या फिरवायच्या. बोलणं मोजून मापून. सव्वीस वर्षं एकच मागणं मागतेय, प्रभू, याचा बाप्तिस्मा झालेला मला बघू दे. त्यासाठी काय लागेल ते घे.

शनिवार, ७ फेब्रुवारी

पुढचा उपदेश तयार आहे, आणि तो कामातच सापडला.

दर आठवड्याला नमुने काढतात ते दारातल्या झडपेतून. झडप म्हणजे खाली बसवलेलं लहान दार, माणूस वाकून जाईल एवढं. ते जरासं उघडायचं, आकड्याच्या काठीने जवळची जाळी ओढायची, पुन्हा बंद. आत कुणी जात नाही. जायचं तर पाठीवर हवेची टाकी, तोंडाला मुखवटा, बाहेर दुसरा माणूस आणि साहेबांची सही. दारावर कवटीचं चित्र आहे आणि खाली लिहिलंय की आत दोन श्वास घेतले तर माणूस पडतो.

तर झडप उघडली की दाराजवळच्या फळांना थोडी थोडी हवा लागते. ती लवकर मऊ पडतात. अगदी आतल्या रांगेतली मात्र शेवटपर्यंत टणक राहतात. हे ऐकून कुणालाही समजेल, दाराजवळ बसणारे ख्रिस्ती कसे असतात ते! मागच्या बाकावरच्या मंडळींना चांगला चिमटा बसेल.

पण दोन्ही फळं हातात धरून दाखवायला हवीत. यांना म्हटलं, आतल्या रांगेतलं एक मिळेल का? बूट चढवले. मग म्हणाले, “बघू.”

संध्याकाळी आणून दिलं. एकच, थंडगार, वर पाण्याचे थेंब. मी विचारलं, कसं काढलंत? म्हणाले, “काढलं.” यांच्या पॅन्टला गुडघ्यावर माती होती, ती तेवढी झटकायला लावली. भरल्या घरात घाण नको.

रविवार, ८ फेब्रुवारी

उपदेश छान झाला. दाराजवळचं फळ बोटाने दाबलं तर खड्डा पडला, आतल्या रांगेतलं दाबून दाबून अंगठा दुखला. देवाच्या जवळ जायचं तर आतपर्यंत जावं लागतं, उंबऱ्यावर उभं राहून चालत नाही, असं म्हटलं. मागचा बाक खजील. नंतर सगळ्यांनी ते आतलं फळ हातात घेऊन बघितलं. म्हाताऱ्या शिंपीणबाईंनी तर त्याचा मुकाच घेतला.

आमचे हे आज मधल्या बाकावर होते. डोकं दुखतंय म्हणून लवकर घरी गेले. मनात खळबळ चालली असली की डोकं दुखतंच. माझंही तसंच झालं होतं, तरुणपणी.

बुधवार, ११ फेब्रुवारी

आज एक गोष्ट दिसली आणि मी स्वयंपाकघरातच गुडघे टेकले.

कामावर निघण्याआधी हे बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. डोळे मिटलेले, ओठ घट्ट, हात मांडीवर, अंग अगदी निश्चल. बराच वेळ. मग एक लांब उसासा, आणि डोळ्यांच्या कडेला पाणी. हातात घड्याळ होतं. प्रार्थना किती वेळ करायची असते हे कुणी सांगितलेलं नाही, म्हणून बिचारे मोजत असावेत! मी चाहूल लागू दिली नाही. मांजराच्या पावलांनी मागे आले.

विचारलं असतं तर लाजून बंद केलं असतं.

शनिवार, १४ फेब्रुवारी

रोज चालू आहे. सकाळी आणि जेवणाआधी. मी आतून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते. गुरुवारी एक मिनिट, आज एक मिनिट वीस सेकंद. लोकांना सव्वीस वर्षांत दहा सेकंद गप्प बसता येत नाही आणि हा माणूस बघा.

उद्यासाठी सहा फळं आणली, आतल्या रांगेतली. मीच म्हटलं होतं की एक फळ सगळ्यांच्या हातांतून फिरेपर्यंत कोमट होतं. दोन खेपा कराव्या लागल्या म्हणाले. चेहरा पांढुरका दिसत होता आणि नखं निळसर. थंडीतलं काम आहे. उद्यापासून लोकरीचे हातमोजे घालायला देते.

रविवार, १५ फेब्रुवारी

श्वासावर बोलले. मातीच्या पुतळ्यात देवाने श्वास फुंकला, तोच श्वास आपण फुकट वापरतो आणि एकदाही आभार मानत नाही. सहा फळं सहा बाकांवर दिली.

उपासना संपल्यावर हे माझ्याजवळ आले. म्हणाले, “श्वासाचं तू बोललीस ते खरं आहे.”

एवढंच. पण मी तिथेच रडले. सव्वीस वर्षांत हे पहिलं वाक्य, ज्यात सफरचंदाच्या पुढचं काही होतं.

आता मनात एक आलंय. येत्या रविवारी प्रत्येकाच्या हातात एक फळ द्यायचं. बत्तीस माणसं, बत्तीस फळं, सगळी आतल्या रांगेतली. आणि त्याच दिवशी यांना विचारायचं. वाटेत सांगितलं. विचारायचं आहे ते नाही, फळांचं.

“बत्तीस?” म्हणाले.

“जमणार नसेल तर राहू द्या.”

थोडं चालल्यावर म्हणाले, “जमेल. पाच-सहा खेपांत.”

गुरुवार, १९ फेब्रुवारी

संध्याकाळी रेडिओ आला होता. यांच्या हाताखाली बारा वर्षं आहे. तोंडाला विश्रांती नाही म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणतात, बायकोसुद्धा. चर्चच्या वाटेला कधी जात नाही. मी काही बोलले की हा जोडणार, “वहिनी, तुमच्या देवाला सांगा आमची पण पाळी बदलून द्या.” उचलली जीभ लावली टाळ्याला. पण आज टोपी हातात घेऊन खुर्चीच्या टोकावर बसला.

“वहिनी, एक विचारू? ती आतलीच कशाला पाहिजेत?”

“म्हणजे?”

“दाराजवळची देतो ना मी. पुसून चकाचक करून. लोकांना काय कळतंय, आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं?”

मला रागच आला. म्हटलं, “देवाच्या घरात उभी राहून खोटं बोलू? तुला त्यातलं काही कळत नाही म्हणून इतरांनाही कळत नाही असं नाही.”

“खोटं नव्हे हो... दादांना तुम्ही जरा सांगा ना.”

“काय सांगू?”

त्याने माझ्या मागे पाहिलं. हे दारात येऊन उभे होते. नुसते बघत राहिले. रेडिओने टोपी डोक्यावर घातली.

“काही नाही. चहा झकास झाला वहिनी.”

गेल्यावर पाहिलं तर कप भरलेला होता. ह्या माणसाला आमच्या घरात काय चाललंय ते बघवत नाही. आजवर दोघं मिळून चर्चची टिंगल करायचे, आता जोडीदार हातचा चालला. समजू शकते. त्याच्यासाठीही प्रार्थना करीन, पण आज नाही.

शनिवार, २१ फेब्रुवारी

सव्वा वाजलाय. आज अर्धा दिवस. मी साडेअकरालाच काम आवरून आले. मेजावरचं पांढरं कापड धुऊन इस्त्री केलं. बत्तीस फळं कशात मांडायची? परडीत मावणार नाहीत. मोठी परात काढून ठेवली आहे, तिच्यात कापड अंथरलं की झालं.

हे एक वाजेपर्यंत येतो म्हणाले होते. निघताना मी म्हटलं, उद्या तुम्हाला एक विचारणार आहे. म्हणाले, “मला माहीत आहे काय ते.” आणि हसले! उत्तर काय असेल ते हसण्यातच कळलं. सकाळपासून माझे पाय जमिनीवर नाहीत. मनात गाणी म्हणतेय. भाजीत मीठ दोनदा पडलं.

दीड. बत्तीस फळं निवडायची म्हणजे वेळ लागणारच.

शीतगृहाकडून गाडीचा आवाज येतोय, हॉर्न सारखा वाजवतायत. शनिवारी यांच्या पाळीला कुठली गाडी

मंगळवार, २४ फेब्रुवारी

लिहायचंय ते सरळ लिहिते.

हे आत जायचे ते श्वास रोखून. टाकी नाही, मुखवटा नाही, कारण त्याला साहेबांची सही लागते आणि माझ्या उपदेशासाठी सही कोण देणार? झडपेतून वाकून आत, खोक्यांच्या मधल्या फटीतून मागच्या भिंतीपर्यंत, हाताला लागतील ती पिशवीत, आणि परत. रेडिओ दर वेळी बाहेर झडपेशी उभा असायचा. आपण नाही उभं राहिलो तर दादा एकटा जाईल, म्हणून.

शनिवारी चौथ्या खेपेला हे बाहेर आले नाहीत. रेडिओने आधी धोक्याची घंटा वाजवली, मग छाती भरून श्वास घेतला आणि आत गेला. यांना काखेत धरून झडपेपर्यंत ओढत आणलं. यांचं धड बाहेर ढकललं. ढकलायला जोर लावला तेव्हा त्याचा श्वास सुटला असणार, असं डॉक्टर म्हणाले. पुढचा श्वास त्याने आतला घेतला. लोक मुखवटे चढवून पोहोचेपर्यंत सहा मिनिटं गेली होती.

हे दवाखान्यात आहेत. वाचतील.

रेडिओ गेला.

बुधवारचं ते पान आत्ता काढून वाचलं, घड्याळाचं. फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

काल अंत्यविधी झाला. मी मागे उभी राहिले. रेडिओच्या बायकोने वळून बघितलं आणि मान हलवली, ये म्हणून की जा म्हणून ते कळलं नाही. गेले नाही पुढे. भ्याले.

आज हे पहिल्यांदा धड बोलले. मी पाणी पाजत होते. म्हणाले, “मला बाप्तिस्मा घ्यायचाय.”

मी पेला खाली ठेवला.

“तू सांगायचीस ना, एकजण दुसऱ्याच्या जागी मेला म्हणून. मला वाटायचं, गोष्ट आहे. आता कळलं. माझ्या जागी तो मेला. मी तिथे होतो.” मग भिंतीकडे तोंड करून रडले. सव्वीस वर्षांत यांना रडताना पाहिलं नव्हतं.

ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं ते मिळालं. आनंद कुठेच नाही. भीती वाटतेय, खरीखुरी. महिन्याच्या सुरुवातीला मी काय मागितलं होतं आणि कोणत्या शब्दांत, ते ह्याच वहीत आहे. ‘काय लागेल ते घे.’ देव असा ऐकतो का? की देवाने काही घेतलंच नाही, मीच घेतलं, आणि आता पावती त्याच्या नावावर फाडतेय? मला दुसरं जास्त खरं वाटतं.

बुधवार, ४ मार्च

हे घरी आले. दोन पावलं चालले की दम लागतो.

पाळक भेटायला आले. आवाज थोडा परत आलाय, घोगरा. मला म्हणाले, “तुझी प्रार्थना ऐकली गेली. येत्या रविवारी बाप्तिस्मा देऊ. चार शब्द तूच बोल, तुझंच तोंड शोभेल.”

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “साहेबांच्या अहवालात नेहमीचे नमुने काढताना अपघात झाला असं लिहिलंय. आता ते उकरून कुणाचं भलं होणार आहे? तुला तर काही माहीत नव्हतं.”

तुला काही माहीत नव्हतं. चार दिवस मीही हेच म्हणत होते. काल रात्री ह्या पानावर तसं लिहिलंसुद्धा, आणि खोडलं. कारण काठी अकरा फुटांची आहे. खोली साठ फूट लांब आहे. हे मला पंधरा वर्षं माहीत आहे. मातीचे गुडघे मी पाहिले, निळी नखं पाहिली, घड्याळ पाहिलं. अकरा आणि साठ हे दोन आकडे एका ओळीत मांडायचे नाहीत एवढीच काळजी मी घेतली. आतल्या रांगेतलं फळ हवं होतं मला. त्याहून जास्त, मधल्या बाकावर बसलेला नवरा हवा होता.

शनिवार, ७ मार्च

सकाळी रेडिओच्या घरी गेले. मनाचा हिय्या करून गेले, तरी जिन्यात दोनदा थांबले. त्याची बायको जमिनीवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याच्या कामाच्या पॅन्ट्स, सगळ्या धुतलेल्या. मला बसायला जागा करून दिली.

मी खुर्चीवर बसले नाही. तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. फळं मी मागितली. आतलीच हवीत असं मी म्हटलं. तो सांगायला आला तेव्हा मी त्याला उडवून लावलं. काठी अकरा फुटांची हे मला ठाऊक होतं. सांगून झाल्यावर क्षमा मागायचं ठरवलं होतं, पण तोंडातून तो शब्द बाहेर पडेना. फार हलका वाटला.

ती घड्या घालत राहिली.

“मला माहीत आहे बाई. तो घरी येऊन सगळं सांगायचा. त्याच्या पोटात काही राहत होतं का!”

मी मान वर केली.

“पहिल्याच शनिवारी म्हणाला, वहिनींना सांगून टाकतो, त्या थांबवतील. मीच म्हटलं, नको.” तिने हातातली पॅन्ट मांडीवर ठेवली. “मला तुमचं ते ऐकायला आवडत होतं. सफरचंदांचं. रविवारी ऐकलं की आठवडाभर पॅकिंगला उभं राहताना आठवायचं. म्हटलं, दादा हुशार माणूस आहे, चार रविवार होतील आणि संपेल, तू उगाच त्यांच्या घरात काडी टाकू नकोस. त्याने दोन शनिवार ऐकलं माझं. तिसऱ्याच्या आधी ऐकलं नाही, तुमच्याकडे आला.”

आणि मी त्याला परत पाठवलं.

आम्ही दोघी बसून राहिलो. कुणाला जवळ घेतलं नाही, कुणी कुणाचे डोळे पुसले नाहीत. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

निघताना मी म्हटलं, उद्या यांचा बाप्तिस्मा आहे. मला बोलायला सांगितलंय. नाही म्हणून कळवते.

“नाही कशाला?” ती म्हणाली. “बोला की. पण त्याला फळांच्या गोष्टीत बसवू नका. तो देवासाठी गेला नाही आत, दादांसाठी गेला. काय झालं ते पहिल्यापासून सांगा, माझं पण सांगा. मी पुढच्या बाकावर बसते. एक शब्द इकडचा तिकडे केलात तर उभी राहीन आणि तिथेच सांगेन.”

दुपारभर लिहायचा प्रयत्न केला. यांनी दोनदा येऊन विचारलं, झालं का? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा लिहिलेलं सगळं त्यांना वाचून दाखवलं, अकरा फूट आणि साठ फुटांसकट. ऐकताना त्यांचा चेहरा बदलत गेला. “म्हणजे तुला कळत होतं?” म्हणाले.

मी हो म्हटलं.

हे उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. उद्या येतील की नाही ते मला माहीत नाही. ती येणार आहे.